पत्त्यांचे कॅट जमवतेय: फोटो धड येत नाहीत, पावसात पानं वाकतायत आणि एक नव्वी हरवलीय

बदामसत्ती (मुलुंड):

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे बाबा जवळजवळ तीस वर्षं मुलुंडहून व्हीटीला नोकरीला जायचे. सकाळची ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेले चार जण. ब्रीफकेस मांड्यांवर आडवी ठेवायची, तिच्यावर रुमाल आणि मेंढीकोट सुरू, तो पार मशीद येईपर्यंत. रिटायर झाले तेव्हा तो कॅट ऑफिसच्या बॅगेतच राहिला, रबरबँड लावलेला, खोकं केव्हाच फाटून गेलेलं. दोन वर्षांपूर्वी माळा आवरताना मला सापडला. पानांचे कोपरे झिजून इतके मऊ झालेत की हाताला कापडासारखे लागतात, पाठीवरची निळी नक्षी मधोमध अंगठ्याएवढी पांढरी पडलीय, आणि चौकट नव्वी नाहीये. तिच्या जागी जोकर चालवलाय, त्याच्या दोन कोपऱ्यांत निळ्या बॉलपेनने ९ लिहून खाली छोटीशी चौकट काढलीय. पाठीकडून बघितलं तर जोकर बाकीच्यांपेक्षा कमी मळलाय, म्हणजे तो खेळात नंतर आला हे लगेच कळतं.

त्या कॅटपायी मला हा नाद लागला. आता ४३ कॅट झालेत. एअर इंडियाच्या महाराजाचे दोन, त्यातला एक सीलबंद, चोर बाजारातून घेतलेले. दोन बेल्जियमचे. एक जुना ज्याच्या खोक्यावर 'ग्रेट मोगल' लिहिलंय. मामा बोटीवर होते त्यांनी आणलेले तीनचार प्लॅस्टिकचे, आणि मैत्रिणीने अमेरिकेहून आणलेला एक नवा, काळं खोकं आणि त्यावर सोनेरी फॉइलची वेलबुट्टी. बाकीचे साधे, पण प्रत्येकाची पाठ वेगळी. मला खरं तर जमवण्याइतकेच त्यांचे फोटो काढायला आवडतात आणि तिथेच घोडं अडलंय. मी फोनवरच काढते. जवळून काढला की चौकोनी पान मधे फुगल्यासारखं दिसतं, जिलेटीनच्या कव्हरवर खिडकी नाहीतर माझाच हात दिसतो, रात्री ट्यूबलाइटखाली काढला तर फोटोत आडवे पट्टे येतात आणि पांढरं पान राखाडी दिसतं. सोनेरी फॉइल तर चक्क काळी येते.

दुसरं म्हणजे पाऊस. जूनपासून सगळे कॅट धनुष्यासारखे वाकलेत, दोघांच्या कडांवर बारीक काळे ठिपके आलेत. स्टीलच्या कपाटात ठेवते, डांबराच्या गोळ्या टाकल्यात.

आणि दोन गोष्टी विचारायच्या होत्या. सीलबंद महाराजा उघडू का नको? आतली पानं बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण उघडल्यावर पश्चात्ताप होईल अशी भीती पण वाटते. आणि बाबांच्या कॅटसाठी तशीच निळ्या पाठीची सुटी चौकट नव्वी कुठे मिळेल का? बाबांच्या वाढदिवसाला कॅट पूर्ण करून द्यावा असं मनात आहे.

---

खिडकीचा_उजेड (दादर):

ताई, फोटोचं मी सांगतो, माझं कामच दागिने आणि घड्याळांचे फोटो काढायचं आहे आणि चकचकीत वस्तूंचा त्रास सगळ्यांचा एकसारखाच असतो.

पान फुगल्यासारखं दिसतं कारण तुम्ही फोन अगदी जवळ नेताय. फोनची नेहमीची लेन्स वाइड असते, जवळ गेलं की मधला भाग मोठा आणि कडा मागे पळतात. फोन हातभर लांब घ्या, २एक्स किंवा ३एक्सवर ठेवा, नंतर क्रॉप करा. पान टेबलावर सपाट असेल तर फोन पण त्याला बरोबर समांतर पाहिजे, बऱ्याच फोनमधे ग्रिड चालू केली की खाली बघताना दोन अधिक चिन्हं दिसतात, ती एकावर एक आली की फोन सरळ. हात हलतोच, म्हणून दोन डबे आणि त्यावर एक पट्टी टाकून फोन टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. माझे पहिले कितीतरी फोटो अशा डब्यांवरच निघालेत.

पट्टे येतात ते दिव्यामुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतो, डोळ्याला कळत नाही पण फोनला कळतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमधे, जिथे सेटिंग हाताने बदलता येतात, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. पण त्यापेक्षा ट्यूब बंदच करा. खिडकी आणि ट्यूब दोन्ही असले की अर्धं पान निळसर आणि अर्धं पिवळट येतं, ते नंतर कितीही केलं तरी सुधारत नाही. पान राखाडी येतं कारण कॅमेरा समोरचं सगळं सरासरीला आणायला बघतो, पांढरं जास्त दिसलं की तो उजेड कमी करतो. तुम्ही एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वाढवा, +०.७ ते +१ पर्यंत.

आता उजेड. तुम्हाला माहितीये का, पावसाळ्यातलं भरलेलं आभाळ म्हणजे आमच्यासाठी फुकटचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ पसरलेला उजेड देणारा दिवा आहे. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी टेबल लावा, ऊन थेट नको. खिडकी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पांढरा सनबोर्ड उभा करा, कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतो, म्हणजे सावली भरून निघते. उजेड वरून नको, बाजूने ४५ अंशात येऊ दे. चकचकीत गोष्टीवर उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत जातो, तो परतणारा उजेड लेन्समधे गेला नाही म्हणजे झालं. जिलेटीनमधे तुमचा हात दिसतोय ना, तिथे काळा चार्ट पेपर घ्या, मधे लेन्सएवढं भोक पाडा आणि त्यातून फोटो काढा. प्रतिबिंब काळ्या कागदाचं पडेल, म्हणजे काहीच दिसणार नाही.

फॉइलचं बरोब्बर उलटं आहे. फॉइल म्हणजे आरसाच, तिला दाखवायला काहीतरी उजळ लागतं, समोर अंधार असेल तर ती काळीच येणार. पांढरा बोर्ड असा तिरका धरा की त्याचं प्रतिबिंब फॉइलवर पडेल, बोर्ड हळूहळू हलवत स्क्रीनवर बघत राहा, एका क्षणी अख्खी वेलबुट्टी पेटल्यासारखी उजळते. तेव्हा क्लिक करा. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, घ्यायचा विचार असेल तर तो जिलेटीनवर उत्तम चालतो, धातूच्या फॉइलवर त्याचा उपयोग नाही, म्हणून आधी बोर्डावर हात बसवा.

बाबांच्या कॅटला मात्र हे सगळं लावू नका. त्याला एकाच बाजूने, अगदी खालून, टेबलाला जवळजवळ चिकटून उजेड द्या, दुसरी बाजू अंधारात सोडा. मऊ झालेले कोपरे, पेनाने कागदात पडलेली खाच, सगळं वर येईल. मला तो जोकर बघायचाच आहे.

---

गिरगावचा_गुलाम:

सीलबंद असेल तर उघडा. पत्ते पिसायला असतात. तुमच्याकडे महाराजा दोन आहेत म्हणता, मग प्रश्नच कुठे आला, एक जपून ठेवा एक खेळा. आमच्या चाळीत गॅलरीत कोजागरीला झब्बू चालायचा रात्रभर, सगळे कॅट झिजून गेले, एकाचाही फोटो नाही माझ्याकडे आणि त्याचं फार वाईट वाटतं. काढा फोटो.

---

जुनाकॅट_पार्ले:

बदामसत्ती ताई, मी पस्तीस वर्षं पत्ते जमवतोय, अंदाजे सहाशे कॅट असतील, तेव्हा थोडं अधिकाराने लिहितो.

सगळ्यात आधी तो रबरबँड काढा, आज, आत्ता. रबर जुनं झालं की चिकट होतं, पानाच्या कडेला खाच पाडतं आणि डाग सोडतं. डांबराच्या गोळ्याही काढा, त्यांची वाफ प्लॅस्टिकला आणि कोटिंगला चांगली नाही. फाटलेल्या खोक्याला सेलोटेप लावू नका, दहा वर्षांनी पिवळा पडून कागदासकट निघतो. पारदर्शक पाऊच घेणार असाल तर पीव्हीसीचे नको, पॉलिप्रॉपिलिनचे घ्या.

वाकण्याचं कारण असं की पान म्हणजे एकच जाड कागद नसतो, दोन कागद मधे डिंक लावून चिकटवलेले असतात आणि वरून कोटिंग असतं. हवेतली ओल दोन्ही बाजू सारखी पीत नाहीत, जी जास्त पिते ती फुगते आणि पान दुसरीकडे वळतं. तुमच्या मामांचे प्लॅस्टिकचे कॅट बघा, ते वाकले नसणार. वाकलेल्या कॅटला इस्त्री नको, ऊन नको. एसीच्या खोलीत दोनतीन तास उघडा ठेवा, मग दोन सपाट फळ्यांत धरून वर एखादं मध्यम जाडीचं पुस्तक ठेवा आठवडाभर. नंतर एअरटाइट डब्यात, आणि डबा एसी चालू असतानाच बंद करा म्हणजे आत कोरडी हवा अडकेल. डब्यात सिलिका जेलची पुडी आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचं यंत्र, तो ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे राहिला की झालं. मुंबईत जुलैमधे बाहेर ८५-९० सहज असतं. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा, ती भिंत पाणी पिते. काळे ठिपके बुरशीचे आहेत, ते दोन कॅट आजच वेगळे करा आणि कोरडे झाल्यावर मऊ ब्रशने गॅलरीत झटका, घरात नको. ओलं फडकं अजिबात लावू नका.

आता साल कसं ओळखायचं ते सांगतो, कारण फोटोखाली साल लिहिता आलं तर त्या फोटोला अर्थ येतो. आपल्याकडच्या खोक्यावर पत्ता वाचा. सहा आकडी पिन कोड असेल तर तो १९७२ नंतरचा, कारण पिन कोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. नुसतं 'बॉम्बे २८' असं असेल तर बहुतेक त्याच्या आधीचा. 'नये पैसे' लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४. 'मुंबई' छापलं असेल तर १९९५ नंतरचा. तुमच्या महाराजाच्या खोक्यावर 'एअर इंडिया इंटरनॅशनल' आहे का नुसतं 'एअर इंडिया', ते बघा. १९६२ मधे नावातलं इंटरनॅशनल गेलं. महाराजा स्वतः १९४६ चा, बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईतच घडवलेला, त्यामुळे हा कॅट आपल्या मुंबईच्या माणसाने जमवावा असाच आहे.

इंग्लिश कॅट हाताला लागला तर इस्पिकच्या एक्क्याकडे बघा. तिथे पत्त्यांवर सरकारी कर होता आणि कर भरल्याची खूण त्या एक्क्यावर छापायचे, म्हणून तो एक्का आजही सगळ्या कॅटमधे नटवलेला असतो. तो कर १९६० साली गेला. अमेरिकन बायसिकल छापाच्या कॅटमधल्या इस्पिक एक्क्यावर बारीक अक्षर आणि आकडे असतात, अक्षरावरून साल काढतात, पण अक्षरं फिरून फिरून तीच येतात म्हणून खोकं आणि पाठ दोन्ही जुळवून बघावं लागतं. कोपऱ्यात आकडे नसतील, कोपरे चौकोनी असतील आणि राजाराणी एकतोंडी, म्हणजे खाली पाय दिसणारे, असतील तर वस्तू फार जुनी असू शकते, फोटो काढायच्या आधी मला कळवा.

'ग्रेट मोगल'ची गंमत अशी की जुने इंग्लिश पत्तेवाले मालाच्या दर्जाला नावं द्यायचे. सगळ्यात उत्तम तो मोगल, मग हॅरी, मग हायलँडर, आणि सगळ्यात हलका मेरी अँड्र्यू. बेल्जियममधलं टर्नहाउट हे पत्ते छापणाऱ्यांचं गाव, तिथून आपल्याकडे भरपूर माल यायचा, आज तिथे पत्त्यांचं म्युझियम आहे. तुमच्या बेल्जियमच्या खोक्यांवर टर्नहाउट शोधा.

प्रत्येक कॅटचे फोटो एका ठरावीक क्रमाने काढत जा. खोक्याच्या सहाही बाजू, इस्पिक एक्का, जोकर, पाठ, आणि बारा चित्रं. बदामच्या राजाला मिशी नसते आणि तलवार डोक्यात खुपसल्यासारखी दिसते, चौकटचा राजा एका डोळ्याचा आणि हातात कुऱ्हाड, हे दोघं प्रत्येक छापखान्यात थोडे थोडे बदलतात. मी पानं स्कॅनरवर ६०० डीपीआयला घेतो, छपाईचे ठिपके मोजता येतात इतकं स्वच्छ येतं. पण उठावाची छपाई आणि फॉइल स्कॅनरला दिसत नाही, तिथे दादरकरांचा बोर्डच हवा.

सीलबंदचं माझं मत, आधी सहाही बाजूंचे फोटो, सील कसं चिकटवलंय त्याचा जवळून फोटो. मग उघडा. जुनं जिलेटीन आकसतं आणि खोक्याला दाबून वाकवतं, त्यामुळे बंद ठेवलं म्हणजे सुरक्षित राहिलं असं नाही. ब्लेडने खालच्या बाजूने चीर द्या, जिलेटीन फेकू नका.

चोर बाजारात पैसे द्यायच्या आधी कॅट उलटा सुलटा करून मोजा, चारही रंग तेरा तेरा लावून बघा, आणि पाठी एकाच रंगाच्या आहेत ना ते बघा, दोन अर्धे कॅट एकत्र करून विकलेले मी स्वतः घेऊन आलोय. मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर बाजार भरतो, कागदाचा माल तिथे जास्त निघतो. कोणी हस्तिदंताची पानं दाखवली तर हात लावू नका, कितीही जुनी सांगितली तरी. तो व्यापार कायद्याने बंद आहे.

आणि ती चौकट नव्वी. माझ्याकडे सुट्या पानांचा डबा आहे, पाठीचा फोटो टाकलात तर बहुतेक जुळती निघेल आणि मी आनंदाने पाठवीन. पण ती कॅटमधे घालू नका. तुमच्या बाबांचा कॅट जोकरसकटच पूर्ण आहे. माझ्या सहाशेत असा एकही नाही.

---

बदामसत्ती:

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. काका, रबर काढलं, दोन पानांवर खरंच खाच पडलीय, वरचं इस्पिक दुर्री आणि खालची किलवर राणी.

आज सकाळी खिडकीशी बसले. काळ्या कागदाची युक्ती पहिल्याच फटक्यात जमली, सीलबंद महाराजा असा आलाय की जिलेटीन आहे हे फक्त कडेच्या सुरकुत्यांवरून कळतं. खोक्यावर 'एअर इंडिया' एवढंच आहे, म्हणजे १९६२ नंतरचा. फॉइल अजून अर्धीच उजळतेय, डावीकडची वेल सोनेरी आणि उजवीकडची काळी. टर्नहाउट मात्र सापडलं! एका खोक्याच्या झाकणाच्या आत, इतक्या बारीक अक्षरात की फोटो मोठा करूनच वाचलं.

---

खिडकीचा_उजेड (दादर):

अर्धी उजळतेय म्हणजे बोर्ड लहान पडतोय. फॉइलला जेवढं दिसतं तेवढंच ती दाखवते. मोठा बोर्ड घ्या किंवा तोच आणखी जवळ आणा, खोक्याला जवळजवळ टेकेपर्यंत. नाहीतर दोन फोटो काढा, एकदा डावी बाजू एकदा उजवी, आणि जोडा, फोन मात्र मधे हलता कामा नये.

---

सावंतवाडीकर_विक्रोळी:

जुनाकॅट काकांचं सगळं पटलं, फक्त एक भर. निळं सिलिका जेल घेऊ नका. ते ओल प्यायल्यावर गुलाबी होतं म्हणून कळायला सोपं, पण तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि लोक ते परत सुकवायला स्वयंपाकाच्या कढईत तापवतात, ते अगदी चुकीचं आहे. केशरी रंगाचं मिळतं, ते हिरवं होतं, ते घ्या, आणि सुकवायला वेगळं भांडं ठेवा.

आणि ताई, तुमच्या ४३ मधे एक गोल कॅट नाही हे बघून राहवलं नाही. मी सावंतवाडीचा, आमच्याकडे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते आहेत. दशावतारी संच, १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा, एक ते दहा आणि वर प्रधान आणि राजा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. बाबराने १५२७ मधे सिंधला मित्राकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे, मोगली गंजिफा ९६ पानांची, आठ रंगांची. दशावतार त्यात आपल्याकडे आले. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची आणि रात्री कृष्णाचा, हे मला आजीने शिकवलं, आणि सगळ्यात घोळ होतो तो उलट्या रंगांचा, पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा.

आमच्याकडे ही कला जवळजवळ संपली होती, आमच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच ती परत उभी केली. आजही तिथे बसून कलाकार एकेक पान हाताने रंगवतात, तुम्ही जाऊन बघू शकता, विकतही मिळतात. आमच्या संचाचा डबा उघडला की अजून लाखेचा वास येतो.

फोटोच्या बाबतीत गंजिफा फार चांगला मास्तर आहे. पान गोल असल्यामुळे फोन जरा तिरका झाला की लगेच लंबगोल दिसतं, फसवता येत नाही. मी हात बसवायला रोज एकच पान काढायचो, वराहाचा प्रधान, जोवर तो अगदी गोल येत नाही तोवर. लाखेवर उजेड पसरत नाही, ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्यावर वेगळा वेगळा चमकतो, त्यामुळे एक फोटो चमक मारून घ्यायचा रंगांसाठी, आणि एक मुद्दाम बाजूच्या उजेडात, त्यात कलाकाराचा हात कुठून कुठे फिरला ते दिसतं. १२० पानं दहा ओळींत बारा बारा अशी मांडली की मागे सरकावं लागतं, मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून काढतो.

गणपतीत गावाला येत असाल तर सांगा, राजवाड्याला मी घेऊन जाईन.

---

जुनाकॅट_पार्ले:

केशरी सिलिका जेलचं बरोबर आहे, मी इतकी वर्षं निळंच वापरतोय, आता बदलतो. आणि गंजिफाचा तो बाजूच्या उजेडातला फोटो इथे टाका बरं, मला वराहाचा प्रधान बघायचाय.

---

बदामसत्ती:

शेवटचं सांगायला आले. रविवारी बाबांना सगळं दाखवलं. वाढदिवसापर्यंत थांबणार होते, पण टेबल मांडलेलं बघून ते स्वतःच येऊन बसले. मी म्हटलं बाबा, चौकट नव्वी मिळतेय, पार्ल्याचे एक काका देतायत, घालायची का? ते म्हणाले नव्वी कुठे गेली ते मला माहितीये. दादरला एकदा मरणाची गर्दी चढली, ब्रीफकेस कलंडली, सगळी पानं गोळा केली पण एक दारातून खाली गेलं, आणि गाडी सुटल्यावर मोजलं तेव्हा कळलं की नव्वी. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या बँकेतल्या काकांनी गाडीतच जोकरवर ९ काढला, म्हणून एका कोपऱ्यातला ९ सरळ आहे आणि दुसरा शेपटी ओढल्यासारखा, तेव्हा बहुतेक गाडी सांधे बदलत होती. हे मी दोन वर्षं रोज बघतेय आणि मला वाटायचं पेन संपत आलं असेल.

मग मी काही म्हणायच्या आत त्यांनी कॅट उचलला आणि पिसला. मऊ पडलेली पानं, आवाजच येत नाही, नुसता कापड घडी घातल्यासारखा. तेरा पानं हातात लावली, जोकर बरोबर दश्शी आणि अठ्ठीच्या मधे, बघायची गरजच नाही त्यांना. तसाच फोटो काढलाय, एकाच बाजूने खालून उजेड, तुम्ही सांगितला तसा. अंगठा बरोबर त्या पांढऱ्या पडलेल्या जागेवर आहे.

काका, नव्वी नको आता, पण सुट्या पानांचा डबा बघायला यायला आवडेल, बाबा पण येतो म्हणतायत. महाराजा उघडलाय. आतली पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, हळूहळू सोडवतेय, जोकरपर्यंत पोचले की फोटो टाकते. सावंतवाडीकर, गणपतीत आम्ही येतोय.